गिरणगाव : मध्यवर्ती वस्तीचे रूपांतर आणि मराठी साहित्यातील त्याची नोंद

औद्योगिक नगराचा 'मध्यवर्ती भाग' म्हटले की बाजारपेठा, पेढ्या, कचेऱ्या आणि शासकीय इमारती यांनी व्यापलेला परिसर सामान्यतः डोळ्यांसमोर येतो. मुंबईच्या संदर्भात ही कल्पना फोर्ट परिसराला लागू पडते. परंतु नकाशा समोर ठेवला असता मुंबई बेटाचा मध्य फोर्टमध्ये नसून परळ, लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड आणि वरळीचा काही भाग मिळून होणाऱ्या पट्ट्यात आहे, हे लक्षात येते. हाच पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जातो. या नावातील 'गाव' हे पद सूचक आहे. ज्या वस्तीने या महानगराला 'महानगर' केले, तिच्या वाट्याला मात्र गाव हेच नाव आले.

गिरणगाव मुळात मध्यवर्ती नव्हते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली आणि १८५६ मध्ये सुरू झालेली मुंबईतील पहिली कापड गिरणी ताडदेवला, म्हणजे तत्कालीन शहराच्या सीमेवर उभी राहिली. त्यापुढील गिरण्याही जमीन स्वस्त आणि मोकळी असलेल्या उत्तरेकडील भागात गेल्या. पुढे शहर उपनगरांच्या दिशेने पसरले आणि एकेकाळची सीमा आपली जागा न सोडता मध्यावर आली. त्यामुळे गिरण्यांच्या जमिनीची किंमत गिरण्यांच्या उत्पादनापेक्षा अधिक होण्याची प्रक्रिया संपाच्या फार आधी, शहराच्या या वाढीतच सुरू झाली होती. गिरणगावच्या रूपांतराची चर्चा बहुधा १९८२ च्या संपापासून सुरू होते आणि मॉलपाशी संपते. ही मांडणी सोयीची आहे, पुरेशी नाही.

या रूपांतराचे वर्णन करणाऱ्या दोन भाषा उपलब्ध आहेत. एक नगरनियोजनाची, दुसरी साहित्याची. नियोजनाच्या भाषेला गिरणगावात जमीन दिसली, साहित्याच्या भाषेला माणूस दिसला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. साहित्याला दिसलेला माणूस कोण होता, आणि कोण दिसायचा राहिला, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रश्नाकडे आहे.

वस्तीची घडण

गिरणगावचे स्वरूप गिरणीच्या आवारात जितके घडले, तितकेच आवाराबाहेर घडले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेला मनुष्य थेट गिरणीच्या फाटकाशी जात नसे. तो आधी गावकऱ्यांच्या खोलीवर जाई. गावाच्या मंडळाने घेतलेल्या एका खोलीत अनेक जण राहत. पाळीनुसार कामाला जात आणि पाळीनुसारच झोपत. जेवणाची सोय खाणावळीत, उधारीची वाण्याकडे, आणि कामावर लावून घेण्याची ओळख जॉबरकडे. जॉबर गिरणीत माणसे भरणारा मध्यस्थ असला तरी त्याचे वजन वस्तीतील संबंधांवर अवलंबून असे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' (१९९४) या ग्रंथात हे सूत्र विस्ताराने मांडले आहे. कामगारांचे राजकारण केवळ कामाच्या ठिकाणी नव्हे, तर चाळ, नाका आणि उधारी यांच्या जाळ्यात आकाराला येत होते, हा त्यांचा निष्कर्ष गिरणगावच्या अभ्यासाला वेगळी दिशा देणारा ठरला. संप दीर्घकाळ टिकत असे तो युनियनच्या निधीवर नव्हे. वाणी थांबायला तयार असे, खाणावळवाली महिन्याचा हिशेब पुढे ढकलत असे आणि उरलेले गावी परतून शेतात राबत.

नारायण मेघाजी लोखंडे यांची बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन, १८९० मध्ये मिळालेली रविवारची साप्ताहिक सुटी, लोकमान्य टिळकांच्या शिक्षेनंतर जुलै १९०८ मध्ये झालेला सहा दिवसांचा संप आणि १९२८ ची गिरणी कामगार युनियन हा क्रम सर्वपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. त्यापेक्षा कमी चर्चिलेली बाब म्हणजे या वस्तीची बांधणी शासनाच्या हस्तक्षेपातूनही झाली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारती बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये, ही या इमारतींची रचना. तिच्याविषयी आज व्यक्त होणारा जिव्हाळा समजण्यासारखा आहे. मात्र चाळीतील 'सामाईक जीवन' ही बऱ्याच अंशी निवडीची नव्हे, जागेच्या टंचाईची निर्मिती होती, हे विसरून चालणार नाही. क्षयरोग आणि कापसाच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे विकार हेही त्याच सामाईक जीवनाचे भाग होते.

रस्ता आणि खोली

मराठी साहित्यात गिरणी कामगाराचा प्रवेश तसा लवकर झाला. मामा वरेरकर यांची 'धावता धोटा' ही कादंबरी त्याची साक्ष आहे. परंतु वरेरकरांची सहानुभूती बाहेरून आलेली आहे. तिच्यात कामगार हा प्रश्न आहे, दृष्टिकोण नाही. तो दृष्टिकोण शाहिरीतून आला. अण्णा भाऊ साठे यांच्या 'मुंबईची लावणी'त मलबार हिल आणि परळ ही दोन टोके समोरासमोर ठेवलेली आहेत: एकीकडे उंचावरची सुखवस्तू वस्ती, दुसरीकडे राबणारांची. लावणीसारखा शृंगाराचा आणि शहराच्या दिमाखाचा घाट वर्गभेद दाखविण्यासाठी वापरणे हे अण्णा भाऊंचे मोठे सामर्थ्य आहे. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. या रचनेत उंची ही श्रीमंतीची खूण आहे आणि सखल भाग श्रमाचा. आज परळ-लोअर परळमधील मनोरे उंचीच्या बाबतीत कोणत्याही वस्तीला हार जाणारे नाहीत. अण्णा भाऊंनी उभी केलेली दोन टोके एकाच पत्त्यावर येऊन राहिली आहेत. विक्रीच्या जाहिरातींत लोअर परळचा उल्लेख 'अप्पर वरळी' असा होऊ लागला, तेव्हा सखलपणाची ती जुनी खूण नावातूनही पुसली गेली.

नारायण सुर्वे यांच्या कवितेतील गिरणगाव हे रस्त्याचे गिरणगाव आहे. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांत घर क्वचित येते, आणि येते तेव्हाही त्याचे दार उघडे असते. फुटपाथ, नाका, मोर्चा, सभेची जागा, गिरणीचे फाटक येथे या कवितेतला 'मी' घडतो. रस्त्याला विद्यापीठ म्हणण्यात केवळ अभिमान नाही. ज्ञान सार्वजनिक जागेत, इतरांच्या सहवासात मिळते, असा एक सिद्धान्तच त्यात आहे. सुर्व्यांना एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविले, हा तपशील चरित्रात्मक म्हणून सांगितला जातो. तो त्यांच्या कवितेच्या अवकाशाशीही जोडून पाहिला पाहिजे. ज्या वस्तीत अनाथ मूल रस्त्यावर सापडते आणि घरात सामावले जाते, त्या वस्तीत रस्ता आणि घर यांच्यामधली भिंत पातळ असते.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) वाचताना ही भिंत अचानक जाड झालेली जाणवते. नाटक चाळीतील एका खोलीत घडते. काळ संपानंतरचा, किंवा अधिक अचूकपणे, संप अधिकृतपणे मागे न घेतला जाता केवळ विरत गेला तो काळ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेली एकमेव प्रातिनिधिक मान्यता हा त्या संपाचा एक प्रमुख वादविषय होता. संप फसला. पण त्याच काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी कापडाच्या बाजारपेठेचा मोठा हिस्सा घेतला होता आणि अनेक मालकांनी यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाकडे वर्षानुवर्षे पाठ फिरविली होती. संपाने गिरण्या मारल्या, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. दुखणे जुने होते. संपाने ते लपविणे अशक्य केले.

'अधांतर'मधील धुरी कुटुंबात हे सारे राजकारण केवळ पडसाद म्हणून येते. शिकलेला आणि लेखक होऊ पाहणारा मुलगा, क्रिकेटमध्ये गुरफटलेला मुलगा, टोळीच्या वाटेला लागलेला मुलगा, मुलगी आणि या सर्वांना धरून ठेवणारी आई, अशी ही माणसे एका खोलीत परस्परांवर आदळत राहतात. पवार यांचे यश असे की त्यांनी पराभवाचे चित्रण मोर्चाच्या पांगण्यातून न करता खोलीच्या कोंडीतून केले. सुर्व्यांचा रस्ता येथे खोलीबाहेर आहे, पण तो आता विद्यापीठ उरलेला नाही. तेथून टोळीची बोलावणी येतात. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या खुनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, तेव्हापासून गिरणगावच्या नाक्यावरील भाषा वर्गाकडून अस्मितेकडे सरकत होती. 'अधांतर' त्या सरकण्याच्या शेवटच्या टप्प्यावर उभे आहे. सुर्वे ते पवार हा प्रवास आशावाद ते निराशा असा वाचला जातो. तो सार्वजनिक अवकाश ते बंद खोली असा वाचल्यास अधिक काही हाती लागते, कारण ज्या दशकांत साहित्यातला रस्ता आकसला, त्याच दशकांत प्रत्यक्ष जमिनीच्या वाटपाचा प्रश्न उभा राहिला.

एक तृतीयांशाचे गणित

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाला परवानगी दिली आणि तिला एक अट घातली. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उर्वरित मालकाला, असे हे वाटप होते. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे सहाशे एकर. शहराच्या मध्यावर एवढी जागा पुन्हा उपलब्ध होणे शक्य नव्हते. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा, असा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. दरम्यान अनेक मालकांनी जुनी बांधकामे न पाडता त्यांचा वापर बदलण्याचा मार्ग धरला, कारण वाटपाची अट बांधकाम पाडून जागा मोकळी केल्यावर लागू होणारी होती. फिनिक्स मिलच्या आवारात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस करमणुकीची व खरेदीची केंद्रे आली, ती या वाटेने.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटप आता संपूर्ण जमिनीचे नव्हे, तर बांधकाम नसलेल्या 'मोकळ्या जमिनी'पुरते राहिले. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे आणि खाती यांनी जागा व्यापलेली असते. मोकळे असे थोडेच उरते. एका व्याख्येच्या बदलाने शहराच्या वाट्याची जमीन झपाट्याने घटली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या बदलाविरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती ग्राह्य ठरली.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणाकडे भाषेचे प्रकरण म्हणूनही पाहावयास हवे. 'मोकळी जमीन' हा शब्दप्रयोग वरवर तटस्थ वाटतो. परंतु ज्या आवारात शंभर वर्षे तीन पाळ्यांत माणसे ये-जा करीत होती, त्या आवाराचे 'बांधीव' आणि 'मोकळे' असे विभाजन केले की मधला सर्व व्यवहार हिशेबातून गळतो. पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (२०१०) या कथासंग्रहाचे शीर्षक या भाषेला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. पुराणकथेतला फिनिक्स राखेतून फिनिक्स म्हणूनच उठतो. येथे उठतो तो मोर; शोभेचा, पिसारा फुलवणारा, वेगळ्याच जातीचा पक्षी. 'पुनर्विकास' या शब्दातील 'पुनर्' या उपसर्गावर इतके नेमके भाष्य मराठीत दुसरे नसावे. या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

नव्या गिरणगावाने जुन्या गिरणगावाच्या पायाभूत सोयी मात्र तशाच वापरल्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. पाळ्यांनी विभागली जाणारी गर्दी आता एकाच वेळी स्थानकांवर उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. पुढच्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

नोंदीत न आलेले

येथवरची मांडणी साहित्याच्या बाजूने झुकलेली आहे, आणि ती तशी झुकू देणे सोपे आहे. परंतु गिरणगावच्या साहित्याने उभा केलेला कामगार कोण आहे, हे तपासल्यास त्याची प्रतिमा बरीचशी ठरावीक असल्याचे दिसते: तो पुरुष आहे, बहुधा कोकणातला किंवा घाटावरचा मराठा-कुणबी आहे आणि साच्यावर काम करतो.

विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता, ही वस्तुस्थिती या प्रतिमेच्या मुळाशी आहे. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर स्वीकारणार नाही, हे त्यामागचे कारण. विणकामाची मजुरी चांगली असल्याने ही बंदी सरळ आर्थिक हानी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते स्वतः अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. गिरणगाव त्यांना पुस्तकांतून कळलेले नव्हते. 'धोटा' हे मराठी साहित्यात श्रमाचे प्रतीक झाले, मात्र त्याच धोट्याने केलेली विभागणी प्रतीकात उतरली नाही. सुर्व्यांच्या कवितेतील व्यापक 'आम्ही' निःसंशय उदार आहे. त्याच्या उदारतेतच हा भेद विरघळून दिसेनासा होतो, ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. ज्या कवीला स्वतःची जात जन्माने ठाऊक नव्हती, त्याने जातीपलीकडचा 'आम्ही' उच्चारावा हे स्वाभाविक आहे. समीक्षेने तो 'आम्ही' संपूर्ण वस्तीचा मानावा, हे नव्हे.

स्त्रियांचे स्थान याहून अस्पष्ट आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रीळ खात्यांत त्या मोठ्या संख्येने होत्या. पुढील दशकांत यंत्रे बदलली, स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध होते, प्रसूतिलाभाचा खर्च मालकांना नको होता; त्यांची संख्या घटत गेली आणि युनियनांनी या घटीविरुद्ध फारसा आवाज उठविला नाही. गिरणीतून बाहेर पडलेल्या आणि गिरणीत कधीच न गेलेल्या अनेक स्त्रियांनी खाणावळी चालविल्या. एका खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करून वीस-पंचवीस माणसांना जेवू घालणारी खाणावळवाली ही गिरणगावच्या अर्थव्यवस्थेतील कामगारच होती. तिची पाळी मात्र तिन्ही पाळ्यांना पुरून उरणारी होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा १४ स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने वस्तीच्या स्वयंपाकघरात संघटनेची शक्यता पाहिली. मराठी कवितेत वा नाटकात मात्र खाणावळ ही कामगाराच्या जेवणाची जागा म्हणून येते. चालविणारीच्या श्रमाची जागा म्हणून नाही. 'अधांतर'मधील आई याला काही अंशी अपवाद आहे. पण तीही आई म्हणून वाचकाच्या व प्रेक्षकाच्या मनात राहते, कमावती म्हणून नव्हे.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या कथनांवर आधारलेला 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली. मौखिक इतिहासाने जे केले ते ललित साहित्याने का केले नाही, याचे एक कारण अभ्यासकांच्या निवडीतही आहे. गिरणगावचे साहित्य शिकविताना अभ्यासक्रमांत संपाची आणि मोर्चाची कविता येते. परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षे रंगलेले नमन, दशावतार आणि कामगारांची नाटके येत नाहीत. त्यांच्या संहिता बहुधा छापल्याच गेल्या नाहीत. ते नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले.

कोणाची नोंद झाली आणि कोणाची नाही, हा प्रश्न केवळ साहित्याचा राहिलेला नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ ही तारीख निर्णायक मानली गेली. त्या दिवशी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, अर्ज करू शकतो. दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२, २०१६ आणि २०२० मधील सोडती मिळून दिलेली घरे सोळा हजारांच्याही आत आहेत. ज्यांचे नाव पटावर होते, त्यांतील बहुसंख्यांची ही स्थिती आहे. याच पटावरील माणसांना तीस-चाळीस वर्षे जेवू घालणाऱ्या स्त्रियांचा हिशेब त्यांच्याच वहीत होता, आणि ती वही पुरावा म्हणून कोणत्याही कार्यालयात चालत नाही.